ब्रेक सोडला की बंद

उरवड्याच्या एका कंपनीत मी नोकरीची सगळी वर्षं काढली, त्यामुळे गावात माझी ‘मशीनमधला माणूस’ अशी ख्याती आहे. मी पॅकिंगला होतो. यंत्रांशी माझा संबंध एवढाच, की ती जे बाहेर टाकायची ते मी खोक्यात भरून वर चिकटपट्टी मारायचो. पण कुठल्या खात्यात होतास हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं तरी कशाला? लोक मिक्सर घेऊन येतात, पाण्याची मोटर घेऊन येतात. मी झाकण उघडतो, आत बघून ‘हं’ म्हणतो, झाकण लावतो. निम्मी यंत्रं तेवढ्यानंच चालू होतात. बाकीची ‘पार्ट मिळत न्हाई’ या रोगानं जातात.

अशा माणसाच्या हाती ते बसून गवत कापायचं मशीन आलं. शेजारच्या फार्महाऊसचे साहेब मुलाकडे परदेशी निघाले. त्यांच्या बंगल्यावर इतकी वर्षं लक्ष ठेवलं म्हणून जाताना त्यांनी ते मला देऊन टाकलं. चार चाकं, स्टिअरिंग, पोटाखाली गरगरणारं पातं आणि वर मऊ सीट. थोडक्यात लहान ट्रॅक्टर, फक्त नांगराच्या जागी वस्तरा. आमचे वडील, म्हणजे आबा, पहिल्या दिवसापासून त्याला ‘खुर्ची’ म्हणतात. मी त्यावर बसलेला पाहून म्हणाले, “गवात कापायचंय का मंत्री व्हायचंय रं तुला?”

गेल्या हिवाळ्यात मी ते झोकात चालवलं. त्याला एकच खोड होती. चालवताना जरा ढुंगण उचललं, की इंजिन गप. मला वाटलं परदेशी वळणाचं आहे, मालक उठला की तेही अदबीनं थांबत असेल. त्यामागं काही कारण असावं अशी शंका मला शिवली नाही. पॅकिंगमध्ये शंका घ्यायची सवय लागत नाही.

आता मूळ भानगड. आमच्या घरासमोर एक खाचर आहे, बांध घातलेला भाताचा तुकडा. आजूबाजूची जमीन विकली गेली, तिथं आता भिंती आणि भिंतींवर काचा आहेत. हा एक तुकडा राहिला. त्यात भात लावायचं आम्ही सोडलं, मग गवतानं स्वतःला लावून घेतलं. माझी लेक त्याच खाचरात सायकल शिकली, त्याच खाचरात पडून तिनं पुढचा दात पाडून घेतला. तिचं लग्न सूसच्या एका मुलाशी ठरलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी साखरपुडा धरला, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, साखरपुडा आपल्या खाचरात करायचा. दुसरं काही मागत नाही.”

दुसरं काही न मागणारी मुलगी फार अवघड. मी लगेच हो म्हटलं.

बायको म्हणाली, “गुडघ्याएवढं गवात हाय. सूसच्या बाया पैठण्या नेसून यायच्यात. पायाखालनं धामण गेली मंजी साखरपुडा ऱ्हाईल आन् पळापळच व्हईल.”

“आपलं मशीन हाय की.”

“तुमचं मशीन मला म्हाईत हाय आन् तुमी बी म्हाईत हाय. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गवात कापलं तर खाचरात. न्हाई तर माज्या भावाचा हॉल.”

हा भाऊ, माझा धाकटा मेव्हणा, हे माझ्या संसाराचं जुनं दुखणं आहे. भुकूमला त्याचा एसी हॉल आहे. निळे दिवे आहेत, स्टेजवर सिंहासनं आहेत, आणि दारापासून स्टेजपर्यंत हिरवंगार गवत आहे, प्लॅस्टिकचं. तो दर आठवड्याला ते झाडूनं झाडून घेतो. त्याचा फोन आलाच. “दाजी, कशाला ऊरफोड करताय? आमचं गवात वाढत न्हाई.”

खांद्यावर मशीन घेऊन गवत मारणारे गडी बघितले, तर ते साहेबांच्या बंगल्यांवर गुंतलेले. विळ्यानं कापावं तर सगळा गाव भातकापणीत. आणि मुळात मीच गावभर सांगून बसलो होतो, की आपल्या घरी ट्रॅक्टर आहे.

त्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळे, कोयते, पहार, कुदळ ओटीवर मांडली. बायकोनं मिक्सर ठेवला. लेकीनं लॅपटॉप ठेवला आणि मी कुंकू घेऊन वाकलो तेव्हा “पप्पा, कॅमेऱ्यावर नको!” म्हणून किंचाळली. मशीनची पूजा मी मोठ्या थाटात केली. पुढं झेंडूची माळ, स्टिअरिंगला लिंबू-मिरची. पूजेची सुपारी, हळकुंड आणि तांदूळ मी लाल खणाच्या तुकड्यात बांधून त्याची पुरचुंडी केली. मोटारीत ती समोरच्या काचेपाशी ठेवतात. याला काच नाही. आबा म्हणाले, “उघड्यावर ठिवू नगंस, उंदीर न्हेतील.” म्हणून मी ती आत, जरा आडोशाला, व्यवस्थित खोचून टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून मशीनवर बसलो. पावसाळाभर ते शेडमध्ये उभं होतं, पण ब्रेक दाबून किल्ली फिरवताच पहिल्या झटक्यात चालू झालं. मी ओटीवरच्या मंडळींकडे विजयी नजरेनं बघितलं आणि ब्रेक सोडला.

बंद.

परत चालू केलं. छान फुरफुरलं. ब्रेक सोडला, बंद. चोक ओढून पाहिला, ढकलून पाहिला. ब्रेक दाबलेला असेतो ते दिवसभर गुरगुरायला तयार होतं. काम म्हटलं की अंग टाकायचं.

आबा बाजेवरून म्हणाले, “तुज्यावर गेलंय.”

मग मी मशीन खोललं. शिळं पेट्रोल काढलं, नवं भरलं. प्लग काढला, दगडावर घासला, फुंकर मारली, बसवला. हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं, तर कुंभारीण माशीनं आत मातीचं घर बांधलेलं. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांना बोलावून ते ढेकूळ दाखवलं. “बघा. श्वासच कोंडला होता बिचाऱ्याचा.” ढेकूळ टाकलं, स्पंज धुतला, वाळवला, तेलाचा हात देऊन बसवला. चालू केलं. ब्रेक सोडला.

बंद.

“घर मोडलंस त्या माशीचं,” आबा म्हणाले. “उगाच.”

आता राहिला कार्बोरेटर. तो मी जन्मात उघडला नव्हता, पण उघडताना बघितलेला होता, म्हणजे लांबून. त्याचे भाग पेट्रोलमध्ये धुवायला पसरट भांडं हवं होतं. समोर परात दिसली. त्याच परातीत साखरपुड्याच्या करंज्यांची कणीक मळायची होती, हे मला पुढं बायकोनं सांगितलं. ज्या शब्दांत सांगितलं ते सोडून देतो. सगळं धुतलं, फुंकलं, परत जोडलं. एक वायसर उरला. मी तो गुपचूप खिशात टाकला. आबांनी बघितलाच.

“ऱ्हायलं व्हय काय?”

“जास्तीचा देतात कंपनीवाले.”

“बरी हाय कंपनी. आत बसवूनच देतीय जास्तीचा.”

चालू केलं, ब्रेक सोडला. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

गुरुवार सगळा पट्टे बघण्यात, पात्याखाली आडवं होऊन गंजलेलं गवत खरवडण्यात आणि ग्रीस लावण्यात गेला. ग्रीस जितकं मशीनला लागलं तितकंच मला. मशीन असं झालं होतं, की प्रदर्शनात ठेवावं. चालत मात्र नव्हतं. संध्याकाळी लेक शेजारी येऊन उकिडवी बसली. म्हणाली, “असू दे पप्पा. हॉलमध्ये करू. फोटोत कुठं कळतंय?”

म्हणाली हसूनच, पण बोलताना खाचराकडे बघत होती. ती चिडली असती तर मी सहन केलं असतं. तिच्या ‘असू दे’ला माझ्याकडे पाना नव्हता.

शुक्रवारी दुपारी मेव्हणा हजर. पांढरा शर्ट, पांढरे बूट, गळ्यात साखळी, आणि या सगळ्याच्या आत अख्खं घर तोलून धरील असा देह. हातात रंगीत कापडाचे तुकडे. “आक्का, खुर्च्यांना कव्हरं कुठल्या रंगाची टाकू? गुलाबी का मोरपंखी?” मग त्याला शेडमध्ये मी दिसलो. “काय दाजी, हुतंय का न्हाई? का काढायची वरात तुमच्या रणगाड्याची?”

“चालू हुतंय. ब्रेक सोडला की बंद.”

“सरका,” म्हणत त्यानं टांग टाकली आणि सीटवर बसला. सीट कण्हली. त्याच्याखाली काहीतरी कट्‌कन वाजलं. मला वाटलं, गेलं, आता तेही गेलं. त्यानं किल्ली फिरवली, मशीन चालू झालं. त्यानं ब्रेक सोडला.

आणि मशीन चालायला लागलं. अगदी सहज शेडच्या बाहेर पडलं, तुळशीला वळसा घालून खाचराच्या तोंडाशी गेलं. ओटीवरच्या बाजेवर आबा उठून बसले.

मेव्हणा आमची तोंडं बघायला मागं वळून जरासा उठला. मशीन बंद. परत बसला, किल्ली मारली, चालू. मी धावत गेलो, चढून बसलो, ब्रेक सोडला. बंद! परत तो बसला. चालू!

त्यानं कॉलर ताठ केली. “दाजी, मशीनला बी माणूस कळतं.”

आयुष्यात मला वेळेवर अक्कल सुचल्याचे प्रसंग हातावर मोजण्याइतके आहेत. त्यातला हा. मी दोन्ही हात जोडले. “पाव्हणं, तुमच्या हाताला गुण हाय. मी चार दिस झुंजतोय. जरा एक पट्टा मारून दावा, मंजी मला बी कळंल कसं धरायचं ते.” आणि पात्याचा दांडा मीच ओढून दिला.

त्यानं एक पट्टा मारला. मागं हिरवी सतरंजी उलगडत गेली. बांधापाशी वळून त्यानं ती बघितली आणि मला कळलं, गडी गेला. ज्यानं पहिला पट्टा मारला तो दुसरा मारल्याशिवाय उतरत नाही. गवत कापायच्या मशीनचं व्यसन विड्या-तंबाखूपेक्षा वाईट. तिसऱ्या पट्ट्याला तो गाणं म्हणायला लागला. चौथ्याला मला ओरडून सांगू लागला, “दाजी, वळताना सावकाश घ्यायचं असतं! बघा!” मी बघत होतो. लेक मोबाइलवर शूटिंग करत होती. त्याला उतरता येत नव्हतं, म्हणून बायको चहा घेऊन बांधावर गेली आणि तो बसल्याजागी बशीनं चहा प्यायला. बुटांचा रंग तोवर मोरपंखी झाला होता.

दिवस मावळायला टेकला आणि शेवटचा कोपराही निघाला. मेव्हणा घाम पुसत उतरला, कमरेवर हात ठेवून त्यानं खाचर न्याहाळलं.

“झकास झालं,” म्हणाला. “बरं आक्का, आता कव्हरांचं सांग.”

“कसली कव्हरं?”

“हॉलची की. रविवारची.”

“रविवारी हॉल कशाला? गवात कापलं की दिवस मावळायच्या आत.”

“कुणी कापलं?”

“तूच की रं.”

तो खाचराकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या बुटांकडं. आबा बाजेवर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी मेव्हणाही हसला, त्यानं भाचीच्या डोक्यावर टपली मारली आणि गुलाबी कव्हरं फुकट पाठवून देतो म्हणाला.

तो गेल्यावर मशीन आत लावताना मी सीट उचलून बघितली. खाली एक बोटभर बटण होतं आणि त्याच्या शेजारीच माझी लाल पुरचुंडी, चपाती झालेली. बसणाऱ्याच्या वजनानं सीट खाली दबायची, बटण दाबलं जायचं, मग मशीनला कळायचं की वर माणूस आहे. माणूस पडला-झडला तर पातं थांबावं म्हणून ती सोय. पुरचुंडीमुळं माझ्या वजनाला सीट बटणापर्यंत पोचतच नव्हती. चार दिवस मी त्यावर बसून घाम गाळत होतो आणि मशीनच्या हिशेबानं तिथं कोणीच नव्हतं. घरात मला याची सवय आहे, पण मशीननंही तेच म्हणावं हे जरा लागलं.

आबा काठी टेकत मागं येऊन उभे होते. मी पुरचुंडी सोडून बघितली. तांदळाचं पीठ, हळकुंडाचे दोन तुकडे, सुपारी तेवढी शाबूत.

“हितं खोचलं हुतंस? बुडाखाली?”

“तुमीच म्हणला, उंदीर न्हेतील.”

“उंदरानं न्हेलं असतं तर बरं हुतं की रं. देवावर बसलास चार दिस. आन् वर त्यो हत्ती बसवलास.” मग तुकडे हातात घेऊन म्हणाले, “हळकुंड तर फोडून दिलं मामानं. लगीनघरात कुनीतरी फोडायचंच असतंय. जा, देवघरात ठिव. आन् तुज्या बायकूला बोलू नगंस.”

साखरपुडा खाचरात झाला. सूसच्या बायका पैठण्या नेसून अनवाणी गवतावर फिरल्या. लेक त्या दात पडलेल्या जागेशी नवऱ्या मुलाला घेऊन गेली आणि काहीतरी सांगत बसली. गुलाबी कव्हरांच्या खुर्च्या हिरव्यावर उठून दिसत होत्या, हे मला कबूल करावं लागेल. मेव्हणा प्रत्येक पाहुण्याला धरून सांगत होता, “मी कापलंय. मशीन दुसऱ्या कुणाला चालवूच देत न्हाई.” मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो.

आता मशीन माझ्या बुडाखालीही नीट चालतं. तरी गवत वाढलं, की मी सुपारी आणि नवं हळकुंड कापडात बांधतो, सीट उचलून ते जागच्या जागी खोचतो आणि भुकूमला फोन लावतो. “पाव्हणं, परत ब्रेक सोडला की बंद पडतंय बघा.” तो अर्ध्या तासात येतो. आता जुने बूट घालून येतो. आबा देवाची माफी मागून बाजेवर पुढं सरकून बसतात. मेव्हणा वाचत वगैरे नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.