तणमोराची दोन अंडी

पवन्या गवताचा वास आला की मला आमच्या शेतातली ती अंडी आठवतात. आई-वडील सहा महिने ऊसतोडीला जायचे, मी आत्याकडे राहून शिकायचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, श्रावणात, सोयाबीन कोळपताना वडिलांना बांधालगतच्या गवतात तणमोराची दोन अंडी दिसली. हा पक्षी आता लाखात एखाद्यालाच दिसतो. "बाळंतीण हाय ती," म्हणत त्यांनी औत वळवलं आणि कुत्र्यांच्या भीतीनं भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. मी आईला पुस्तकातली परमुलखातली बेडकी सांगितली. ती पिलं पोटात वाढवायची, तरी जगातून पार संपली. आईचं खुरपं थांबलं. "पोटात ठेवून न्हाई वाचली, माय. हिनं तर उघड्यावर घातलीत." मादी दोन दिवस लांबूनच घिरट्या घालत राहिली, काट्यांत शिरली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी अंड्यांना हात लावला. गार होती. "मीच वाट बंद केली की गं तिची," एवढंच ते बोलले. पुढं मी प्राणीशास्त्राची पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. जिवंत तणमोर मात्र त्यानंतर आमच्या रानात कुणाला दिसला नाही.