उलटा शर्ट

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी मी बूट घालून दारात उभा होतो. बायको म्हणाली, "अहो, शर्ट उलटा घातलाय. आणि निघालात कुठे?"

बाहेर आलेल्या शिवणीवरून बोट फिरलं आणि फणसाडचं जंगल आठवलं. मुरुड पायी फिरून आम्ही तिघे मित्र तिथे शिरलो होतो. शेकरू बघत चालताना पायवाट सुटली आणि फिरून फिरून त्याच वारुळापाशी येऊ लागलो. ऊन उतरलं होतं. बिबट्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

आमच्यातला थळचा मोरेश्वर म्हणाला, "चकवा लागला हाय. शर्ट उलटं घाला, वाट गावंल."

घामट शर्ट आम्ही मुकाट्याने उलटे केले. जरा वेळाने समुद्राची गाज ऐकू आली. शर्टामुळे की वारा फिरल्यामुळे, मला अजून कळलेलं नाही.

बायकोने बटणाला हात घातला.

"राहू दे," मी म्हणालो. "कुठे जायचं ते कळेपर्यंत."