मानीबाईनं अडवलेली थंडी

दिग्रसजवळच्या तांड्यात मानीबाईची जीभ आणि मानीबाईची सुई दोन्ही सारख्याच चालतात. त्यातल्या सुईनं आजवर कुणाला दुखावलेलं नाही. अशा बाईला यंदाच्या पौषात एका नातवानं पार कामाला लावलं.

सून राखीचं पहिलं बाळंतपण नेरला, माहेरी व्हायचं होतं. पण पोरानं घाई केली, महिनाभर आधीच आलं. वजन दोन किलोच्या आत. बाळाला ऊब कमी पडू देऊ नका, असं दवाखान्यातून सोडताना बजावलं होतं. आणि घरची खोली म्हणजे वर टिन, खाली फरशी. राखीचे वडील धरमसिंग फोनवर म्हणाले, "रविवारी येतो. खोली थंडी दिसली तर माय-लेकरू नेरले नेतो. आमच्याकडं स्लॅब आहे."

त्या स्लॅबवर मानीबाई दोन दिवस दात खात होती. नेरला गेलेला नातू होळीशिवाय परतत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"याडी, हिटर आणू का?" मुलगा शाम आईला म्हणाला.

"लाईन राह्यते का रातभर? अन् बिल तुया सासरा भरन?"

तिनं जुनी रीत काढली. खाटेखाली कोळशाची शेगडी, दार बंद, खिडकीत कोंबलेली गोधडी. खोली तापली खरी, पण तासाभरात राखीचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. नशीब चांगलं, नेमक्या तेव्हाच तांड्याच्या आशा सेविका इंदुताई बाळाला बघायला आल्या. त्यांनी दार सताड उघडलं, माय-लेकरांना बाहेर काढलं आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवली.

"मावशी, बंद खोलीत कोळसा? दोघंही झोपेतच गेले असते ना!"

मानीबाई चूक कबूल करते हे तांड्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "मंग काय करू, ते सांग."

"थंडी येते कुठून ते पाहा आधी. पोराले राखीच्या छातीशी ठेवा, अंगाले अंग लावून. डोक्यात टोपी. अन् तोंडावर गोधडी अजिबात नाही."

दुसऱ्या सकाळी मानीबाई उदबत्ती पेटवून भिंतीभिंतीनं फिरू लागली. शेजारची कोकिळा दारातून डोकावली.

"काहो मानीबाई, भिंतीत कोणता देव बसवला?"

"न विचारता घरात घुसते कोण, ते पाहून राह्यली."

कोकिळा आल्या पावली गेली. धूर मात्र एका जागी वाकला. भिंत आणि टिनाच्या मधल्या फटीतून वारा सरळ खाटेवर येत होता. मानीबाईनं कवडी कापूस, म्हणजे बाजारात कुणी विचारत नाही तो किडका माल, पोत्याच्या तुकड्यांत भरला आणि त्या वळकट्या फटीत ठोकल्या. मग जुनी लुगडी दुहेरी करून, मधे कापूस घालून, चौकडीचे टाके मारत चार दिवस शिवली. टिनाखाली ती छतासारखी ताणून बांधली. "मानीबाईनं घराले घागरा नेसवला," म्हणत तांडा हसला. हसणाऱ्या बायका आत येऊन टाके मात्र मोजून गेल्या.

देवाचा दिवा तिनं बाहेरच्या खोलीत नेला. वर कापूस, ठिणगी नको. खाट ओढून चुलीकडच्या भिंतीला लावली. दुपारी खिडकी उघडून ऊन आत घ्यायचं आणि चारला बंद करायची. दारावरची झरोक्याची जागा तेवढी हवेसाठी मोकळी.

रविवारी धरमसिंग मुद्दाम सकाळी सातलाच आले, कानाला मफलर, बाहेर गाडी उभी. खाटेजवळ बसले. नातवाच्या टोपीत, मग पायाखाली हात घालून पाहिला. वजन करायला आलेल्या इंदुताईंनी बाळाला काट्यात ठेवलं. आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलं होतं. मानीबाई दाराशी पदर मुठीत धरून उभी.

"पाय गरम आहेत," धरमसिंग अखेर म्हणाले. मग छताकडं बघत, "इहीणबाई, आमची माय त्या स्लॅबखाली रातभर कुडकुडते. एवढं आमच्याकडं करून द्यान का?"

"ते मंग पाहू. पोराचं बोला."

"राहू द्या इथंच."

"शाम! अरे, तुया सासऱ्याले चहा ठेव! बिचारे कवाचे बसून राह्यले."

पाऊण तास झाला होता आणि चहाचं नाव तिनं मुद्दामच काढलं नव्हतं, हे राखीलाही आत्ता कळलं.