अठरा भोकं

चंद्रभान दराडे मला पहिल्यांदा दिसला तो जमिनीवर पालथा पडलेला. साल एकोणऐंशी, जून महिना. माझी बदली चारठाण्याच्या जिल्हा परिषद शाळेत नुकतीच झाली होती आणि मी ज्वारीचा डबा खांद्यावर घेऊन गावातल्या चक्कीवर गेलो होतो. चक्की बंद होती. वरचा दगड काढून खाली ठेवलेला, आणि पंचविशीचा एक माणूस त्याला कान लावून पडलेला. हातात छोटी हातोडी. तो दगडावर एक ठोका मारी, ऐके, बोटभर पुढे सरके, पुन्हा ठोका मारी. भिंतीशी चार-पाच बाया डबे घेऊन बसल्या होत्या, पण एकही बोलत नव्हती. मी "चक्की कधी सुरू..." एवढंच म्हणालो, तर त्याने मान न उचलता तळहात वर केला.

"दोन मिंटं गप बसा, गुर्जी. दगड बोलायलाय."

आमची ओळख नव्हती. मी शिक्षक आहे हे कसं ओळखलंस, असं मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाला, "डब्याचं झाकण सुतळीनं बांधून आणणारा मास्तरच असतो."

आदल्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली होऊन गेल्या होत्या. नवा माणूस आला की त्याचं आडनाव विचारल्याशिवाय कुणी पुढे बोलत नसे. चंद्रभानने माझं आडनाव विचारलं नाही. ज्वारी कुठली, एवढं विचारलं.

त्याची चक्की वडिलांच्या हातची. वडील गेले तेव्हा दोन गोष्टी शिकवून गेले होते. एक म्हणजे दगडाला टाकी लावण्याआधी, म्हणजे छिन्नीने त्याचं तोंड पुन्हा खरखरीत करण्याआधी, तो वाजवून बघायचा. धड दगड खणखणतो. आत चीर असली तर आवाज भद्द येतो. तसा दगड वेगात फिरवला तर फुटून माणसाच्या अंगावर येतो. दुसरी गोष्ट चरांची. दगडाच्या तोंडावर मधून कडेपर्यंत तिरके चर खोदलेले असतात. "चर बुजले की पीठ आत कोंडतं, गुर्जी. कोंडलं की तापतं, तापलं की जळतं. दगडालाबी श्वास पाहिजे." दळण झालं की चंद्रभान पीठ चिमटीत धरून अंगठ्याने चोळून बघायचा. ऊन लागलं तर मोटार बंद करून चर बघायचा, गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी. त्याची डावी भुवई पिठाने कायम पांढरी असे. उजवी का नसे, ते मला पंधरा वर्षं शेजारी राहूनही कळलं नाही.

त्याची बायको अंबिकाबाई. माहेर पोखर्णीचं. चारठाण्याहून जिंतूर, जिंतूरहून परभणी, परभणीहून पोखर्णी, अशा तीन एसट्या बदलून त्या माहेरी जायच्या. एका संक्रांतीला परभणीच्या स्टँडवर त्यांना पाच तास बसून राहावं लागलं. ते चंद्रभानच्या मनाला लागून राहिलं. ब्याण्णव साली त्याने परभणीच्या एका डॉक्टरांची जुनी, छोटी पांढरी मोटार आणली. गावात तिचं कौतुक झालं. चंद्रभानचं म्हणणं एकच, "हिला एका दमात माहेरी नेऊन सोडायचं."

वर्षभर नेलंही. अंबिकाबाई पुढच्या सीटवर डोक्यावरचा पदर दातात धरून बसायच्या आणि वाटेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करायच्या.

मग त्र्याण्णवची भाऊबीज आली. जिंतूरच्या अलीकडे उतार आहे. गाडीत ही दोघं आणि मागे माहेरी न्यायची डाळीची पोती. पुढे उसाची गाडी हळू चाललेली. चंद्रभानने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, उतारभर दाबत राहिला, आणि शेवटी पाय खाली गेला. "मळलेल्या पिठात पाय घातल्यावानी," तो मला म्हणाला. त्याने गाडी सरळ कडेच्या तुरीत घातली. कुणाला काही लागलं नाही. अंबिकाबाई उतरल्या, लुगड्यावरची तुरीची पानं झटकली, पिशवी घेतली आणि रस्त्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या.

"अगं, बस की. थंड झालाय आता. लागायलाय ब्रेक."

"लागू द्या. उधळला गोऱ्हा हाय तुमचा. कासरा हातात धरून बसलाव, ती येसण नाकात हाय का बघा आधी."

त्या एसटीने पोखर्णीला गेल्या. चंद्रभान पोत्यांसह त्या एसटीच्या मागेमागे गाडी चालवत गेला. परत येतानाही तसंच. त्या दिवसापासून अंबिकाबाईंनी गाडीचं नाव टाकलं. भांडण नाही, अबोला नाही. फक्त बसायचं नाही.

जिच्यासाठी गाडी आणली तीच बसेना. पुढच्या गुरुवारी, म्हणजे चक्कीच्या सुट्टीच्या दिवशी, चंद्रभानने गाडीची पुढची चाकं काढली. मी समोरच राहायचो, म्हणून गेलो. त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होते. चाकाच्या आत बिडाची एक चकती असते, ती चाकाबरोबर फिरते, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन ठोकळे तिला चिमटीत धरतात.

"बिडाची म्हंजे बीड जिल्ह्यात करतेत का?" ओट्यावरून अंबिकाबाईंनी विचारलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

चकती जागोजागी निळी पडली होती. चंद्रभानने तिच्यावरून अंगठा फिरवला, पीठ बघावं तसा.

"तापलीय, गुर्जी. बघा, सपाट तोंड. चर न्हाई, काई न्हाई. ऊन निघंल कुठून? दगडाचं हेच होतं."

टाकीने चर पाडता आले नसते. बीड ठिसूळ असतं. म्हणून त्याने आरपार भोकं पाडायचं ठरवलं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर फारच पटलं. मी शाळेतून फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास आणला. खडूच्या जागी खिळा बसवला आणि आठवीच्या पोरांना शिकवतो तसे त्रिज्येने वर्तुळाचे सहा भाग करून दिले. चंद्रभान म्हणाला, "ओळ जरा तिरकी घ्यावी का? चरावानी?" मी म्हणालो, "त्रिज्येवर सरळ घे. मोजायला सोपं." सहा ओळी, ओळीत तीन, एका चकतीला अठरा भोकं.

दोन गुरुवार लागले. ड्रिलचं तोंड त्याने चक्कीच्या पट्ट्यावर चढवलं होतं. पोलादाची कुरळी वेटोळी निघतात. बिडाचा मात्र चुरा पडतो, काळा, बारीक. चंद्रभानने तो चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाला, "जमलंय पीठ." चकत्या परत बसवताना एका बाजूची तेलाची नळी त्याच्या हातून सुटली आणि ब्रेकचं सगळं तेल सांडलं. चहाच्या चोथ्यासारखं काळं तेल. म्हणून त्याने जिंतूरहून नवा डबा आणून भरला. ही गोष्ट आम्ही दोघंही लगेच विसरलो.

त्याच उतारावर तो मला घेऊन तीनदा उतरला. ब्रेक दगडासारखा लागला. "बघा, श्वास घ्यायलाय," चंद्रभान म्हणाला. गावातली माणसं येऊन चाकाच्या फटीतून भोकं बघून गेली. अंबिकाबाईही बघून गेल्या.

"भोकं पाडून भांडं गळतं. गाडी कशी सुधरंल?"

"अगं, बसून तर बघ."

"बसते की. तुमाला खात्री झाली की बसते."

"मला हाय की खात्री."

"तुमाला गाडी आणली तवाबी होती."

संक्रांतीला अंबिकाबाईंच्या आई कस्तुराबाई लेकीकडे आल्या. त्यांचा मुलगा सिताराम त्यांना एसटीने घेऊन आला होता. त्याच दिवशी नामांतराची बातमी रेडिओवर आली. पुन्हा दंगलीच्या भीतीने दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे एसट्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई अंघोळीचं पाणी घेऊन येताना ओट्याच्या पायरीवरून पडल्या. पाय उचलता येईना. मांडीचं हाड गेलं असावं, हे बघणाऱ्या कुणालाही कळत होतं. जिंतूरला दवाखान्यात न्यायलाच हवं होतं, आणि गाडी दारात उभी होती.

सितारामने मागच्या सीटवर गोधडी अंथरली. चंद्रभान मात्र जॅक घेऊन पुढच्या चाकाशी बसला.

"दाजी, काय करायलाव? आई कण्हायलीय तिकडं!"

"दोन दिवसांपासून ब्रेक दाबला की पायाला टिकटिक लागायलीय. बघू दे."

"आता? आता बघता?"

चंद्रभानने जॅक लावला. उजवं चाक काढलं, ठोकळे सैल केले, हातोडीचा ठोका मारला. टण्ण. डावीकडे आला. ठोका मारला. भद्द. त्याने पुन्हा मारला, कान जवळ नेऊन. मी ओट्यापाशी उभा होतो, तिथवर मला फरक ऐकू आला.

"अंबिका, रॉकेल दे. आन् मूठभर पीठ."

त्याने चकतीला रॉकेल चोळलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. सगळे बघत होते. थोड्या वेळात पांढऱ्या पिठावर एक ओली रेघ उमटली. पहिल्या भोकापासून दुसऱ्या भोकाला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, आणि तिथून कडेला. माझ्या सरळ आखलेल्या ओळीवरून.

चंद्रभान उठला. दारात दहा-पंधरा माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना त्याने ही भोकं कौतुकाने दाखवली होती.

"गाडी न्हाई जाणार," तो म्हणाला. "मी बिघडवलीय."

सिताराम भडकला. "भोकं पाडताना लय शहाणे होतात! सासूच्या टायमालाच चीर दिसली व्हय? हळूहळू न्या की!"

"उतार हाय, सिताराम."

"मंग मी चालवतो!"

"चावी न्हाई देणार."

आतून कस्तुराबाईंचा आवाज आला, "अरे, कुणी तरी न्या रे मला, मग भांडा."

अंबिकाबाई चाकाशी वाकल्या होत्या. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेलं ओलं पीठ पदराला पुसलं आणि भावाला म्हणाल्या, "ट्रॅक्टर आण. आईला ट्रॅक्टरमधी घाला."

गावातल्या आबासाहेबांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत कडबा आणि वर दोन गाद्या टाकल्या. चंद्रभान कस्तुराबाईंचा पाय दोन उशांमध्ये धरून जिंतूरपर्यंत बसून गेला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या म्हणत, "जावईबापू, धरलाय न्हवं?" आणि तो म्हणे, "धरलाय, मामी." वेळ लागला, पण पोचले. हाड बसलं. त्या पुढे काठी घेऊन का होईना, हिंडल्या-फिरल्या.

गाडीच्या नव्या चकत्या घ्यायला आम्ही दोघं परभणीला गेलो. तिथले मेस्त्री वयस्क होते. त्यांनी अठरा भोकांची चकती हातात फिरवली, सगळी हकिगत ऐकली आणि विचारलं, "तेल कधी बदललं होतं?"

चंद्रभानने नळी सुटल्याचं सांगितलं.

"मंग तेवढ्यानंच नीट झाली होती गाडी. जुन्या तेलात पाणी उतरतं. तापलं की उकळतं, पाय खाली जातो. भोकांचा काय संबंध? आन् पाडायची ती पाडली, पण अशी एका रांगेत? पोस्टाच्या तिकिटाला असतात, फाडायला, तशी?"

"आमीच पाडली," चंद्रभान म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "ओळी सरळ घ्यायला मी सांगितलं होतं."

"ड्रिल माझ्याच हातात होतं न्हवं, गुर्जी," तो म्हणाला. हा विषय त्याने परत कधी काढला नाही. मी आज काढला आहे.

कस्तुराबाईंना दवाखान्यातून पोखर्णीला पोचवायचा दिवस आला. चंद्रभानने मागच्या सीटवर गाद्या घातल्या आणि सवयीने अंबिकाबाईंना विचारलं, एसटी किती वाजता धरणार? त्या पुढचं दार उघडून आत बसल्या.

"अगं, बघ, विचार कर. नव्या चकत्या असल्या तरी मीच बसवल्यात."

"त्या दिशी दारात माणसं होती, माझा भाऊ शिव्या देत होता, आन् तुमी गाडी जागची हलू दिली न्हाई," अंबिकाबाई म्हणाल्या. "लागला की ब्रेक. चला आता, आई अवघडलीय."

ती गाडी विकून त्याला बरीच वर्षं झाली. चंद्रभान आता सत्तरीच्या पुढे आहे आणि चक्की अजून चालवतो. अलीकडे त्याला ऐकू कमी येतं. त्यामुळे दगडाला टाकी लावायची असली की हातोडीचा ठोका तो मारतो, आणि दगडाला कान अंबिकाबाई लावतात.