मायचा आवाज नव्या फितीवर

माय गेली, पण तिची गाणी शेजारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे एका फितीवर होती. फीत दुसऱ्याची, परत द्यायची होती. म्हणून भर उन्हाळ्यात पुसदला चाचांच्या खोलीत आम्ही दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, दारं-खिडक्या लावून वर गोधड्या टांगल्या. एकातून माय गाणार, दुसरा टिपणार. खोकायचंही नव्हतं. लुगडं घामानं चिकटलं, जीव गुदमरला, पण हलता येईना.

मध्येच माय थांबून म्हणाली, "आयकून राह्यली का वं?"

"हो माय," मी बोलून गेले.

चाचांनी मशिनी बंद केल्या. "बेटी, आता पुन्हा सुरूपासून घ्या लागते."

"नको चाचा, राहू द्या तसंच."

"बरं. पण आता गप," म्हणत त्यांनी मशिनी पुन्हा सुरू केल्या.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. माय गातच राहिली.