पोस्टमन आप्पांचा टायर

मित्रहो, आज लिहितानाही लाज वाटतेय.

खडी आणि डांबर, दोन्हींवर धावेल असा टायर करायचं माझं खूळ तुम्हाला माहीतच आहे. त्यासाठी पोस्टमन आप्पांनी विश्वासाने स्वतःची सायकल दिली.

पंक्चरवाले दगाभाऊ म्हणाले होते, "भाऊ, मधलं रबर ऱ्हाऊ दे, कडेलेच खाचा पाड." मी त्यांच्यापुढे इंग्रजी पुस्तकातलं चित्र नाचवलं आणि मधोमध खोल खाचा पाडल्या.

आज टपाल वाटताना कळसाडी गावच्या खडीवर टायर त्याच खाचांतून फाटला. लढाईमुळे रबराची टंचाई, नवा मिळत नाही. आप्पा थैली खांद्यावर घेऊन, सायकल ढकलत आले. मला म्हणाले, "भाऊ, आते मन्हा पायले बी खाचा पाडी दे!"

भोवती जमलेले सगळे हसले. मला मान वर करता येईना.

फाटलेला टायर शिवायला आता दगाभाऊच हवेत. कोणत्या तोंडाने जाऊ, सांगा?