हिडन फोल्डरमधली माणसं

मंचरच्या बाजारपेठेतला फोटो स्टुडिओ समाधानच्या नावावर होता, पण गिऱ्हाईक दारातून विचारायचं ते ‘मिक्सिंगवाल्या ताई आहेत का’ म्हणून. या ताई म्हणजे समाधानची बायको प्रतीक्षा. लग्नाचं शूटिंग नवरा करायचा. नवरदेवाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, मामाचे मिटलेले डोळे उघडायचे, भांडण झालेल्या मेव्हण्याला ग्रुप फोटोतून अलगद बाहेर काढायचं, ही सगळी कामं आतल्या चिंचोळ्या खोलीत तिची. माहेरी असताना एमएससीआयटी केलं होतं. तेवढ्या शिदोरीवर ती या धंद्यात उतरली आणि दोन वर्षांत नवऱ्यालाच शिकवायला लागली. समाधान चारचौघांत तिचं कौतुक करायचा, घरात मात्र कबूल करत नसे.

या धंद्यात लग्नाइतकंच मरणाचंही काम असतं. माणूस गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी घरातलं कुणीतरी येतं. दशक्रियेला हार घालायला मोठा फोटो हवा असतो आणि घरात फोटो नसतो. म्हाताऱ्या बायांचा तर नसतोच. मतदान कार्डावरचा आणतात, त्यात तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. प्रतीक्षाच्या माहेरी, बौद्धवाड्यात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, पण अडचण तीच. तिची आजी सारजाबाई गेली तेव्हा बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला काहीच नव्हतं, आणि भाषणं करणारे एका रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होते. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून स्टुडिओत आल्यावर तिनं समाधानला एक सवय लावली. लग्नात पंगत बसली की म्हाताऱ्या माणसांचा एकेकाचा जवळून फोटो काढायचा, त्यांना न सांगता. घरी आल्यावर ते फोटो ती वेगळे काढायची. कॉपी नव्हे, कट करून. कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये जागा कमी, तीच गोष्ट दोनदा ठेवणं परवडणारं नव्हतं. प्रत्येक फोटोला गावाचं आणि माणसाचं नाव द्यायची आणि सगळे एका फोल्डरमध्ये टाकायची. चार वर्षांत साडेसहाशे चेहरे जमले. आहुप्यापासून लोणीपर्यंतची माणसं त्यात होती, आणि वेळ आली की एका मिनिटात फोटो हजर व्हायचा.

फोल्डरचं नाव तिनं सरळ ‘म्हातारी माणसं’ ठेवलं होतं. एकदा अल्बम निवडायला आलेल्या कुशाबाईंनी ते स्क्रीनवर वाचलं, उघडायला लावलं आणि त्यात आपल्याच धडधाकट सासऱ्याला पाहिलं. बाई भडकल्या. आमचं माणूस कधी जातंय याची वाट बघत बसलात का, असं सगळ्या पेठेत बोलत फिरल्या. आठ दिवस प्रतीक्षाला दुकानात बसणं नको झालं. मग तिनं फोल्डरवर राइट क्लिक केलं, ‘हिडन’वर खूण केली आणि फोल्डर दिसेनासं केलं. फोटो लागला की ती खोलीचं दार लावून घ्यायची, फोल्डर उघडं करायची, काम झालं की पुन्हा झाकायची.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये लोकांच्या पेन ड्राइव्हमधून मशीनमध्ये असा काही व्हायरस शिरला की एक फोटो उघडायला पाच मिनिटं लागायला लागली. ऐन सीझन, सात लग्नांचे अल्बम अडकलेले. जुन्नरला राकेश नावाचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ओळखीचा होता. त्यानं फोनवर सांगितलं, वहिनी, सगळंच फॉरमॅट करा, सी ड्राइव्ह पण आणि डी पण, नाहीतर किडा परत येईल. त्याआधी एक्सटर्नल हार्ड डिस्क घेऊन बॅकअप घ्या. समाधाननं पुण्याहून हार्ड डिस्क आणली. मंगळवारी प्रतीक्षानं डी ड्राइव्ह उघडला, सगळं सिलेक्ट केलं आणि कॉपीला लावलं. झाल्यावर तिनं दोन्हीकडची फोल्डरं मोजली. इकडे चौसष्ट, तिकडे चौसष्ट. खात्री म्हणून पुन्हा मोजली. मग सीडी घालून तिनं अख्खं मशीन पुसून काढलं, नवीन विंडोज टाकलं आणि बुधवारी सकाळी एक्सटर्नलवरून फोटो परत आत भरायला सुरुवात केली. एवढं मोठं काम एकटीनं केलं म्हणून ती स्वतःवर खूश होती.

साडेदहाला लोणीचा दादाभाऊ आला. उन्हानं रापलेला, डोकं भादरलेलं, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा. मेंढरं घेऊन तो दिवाळीपासून कोकणाच्या अंगाला होता. मागं गावात त्याची आई, तुकाबाई, वारली. निरोप पोचून तो येईपर्यंत अग्नीसुद्धा चुलतभावानं दिला होता. आईचं तोंड त्याला बघायला मिळालं नव्हतं. परवा शुक्रवारी दशक्रिया. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात तुम्हीच शूटिंगला होता, त्यात कुठं आई सापडते का, एवढं त्यानं विचारलं.

प्रतीक्षाला त्या पंगतीतले फोटो आठवले. ती म्हणाली, आहे, बसा. मशीनसमोर बसली, लपवलेली फोल्डरं दाखवायची खूण केली आणि डी ड्राइव्ह उघडला. फोल्डर नव्हतं. एक्सटर्नल उघडली. तिथंही नव्हतं. लग्नाच्या फोल्डरमधून तर तो फोटो कट केलेला. तेव्हा तिला उमगलं. झाकून ठेवलेलं फोल्डर ‘सगळं सिलेक्ट’मध्ये आलंच नव्हतं, आणि मोजताना ते दोन्हीकडे दिसणार नव्हतंच. साडेसहाशे माणसं तिनं काल आपल्या हातानं पुसली होती. त्यात परत भरायचे फोटो त्याच डिस्कवर चढत होते आणि कॉपी किती झाली ते दाखवणारी हिरवी पट्टी निम्म्यावर आली होती.

तिनं झडप घालून कॉपी थांबवली आणि राकेशला फोन लावला. तो नेहमी थट्टेनं बोलायचा, आज त्याचा आवाजच बदलला.

“वहिनी, त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका. पुसलेलं अजून खाली असतं, वर नवीन चढलं की कायमचं जातं. मशीन बंद करा. मी निघालो.”

दीड तासात तो मोटारसायकलवरून आला. आपली डिस्क जोडून त्यानं पुसलेले फोटो शोधायचा प्रोग्रॅम लावला. चार तास लागतील, म्हणाला, आणि मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. लोडशेडिंग एक वाजता सुरू व्हायचं. समाधान लग्नाच्या शूटिंगला गेलेला. प्रतीक्षा धावत शेजारच्या सावळाराम मंडपवाल्याकडे गेली आणि त्याचा जनरेटर मागितला. जनरेटर संध्याकाळी एका वरातीला जायचा होता. पाचपर्यंत वापरा, त्याच्या पुढं मिनिटभर नाही, असं बजावून त्यानं दिला.

जनरेटर दारात धडधडत राहिला. मशीन बिघडलंय एवढंच तिनं दादाभाऊला सांगितलं होतं, आणि तो बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. तिनं चहा दिला, त्यानं घेतला. एकदाही किती वेळ म्हणून विचारलं नाही. त्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पट्टी सत्तर टक्क्यांवर असताना जनरेटरनं आचका दिला, दिवे मंदावले आणि राकेश उठून उभा राहिला. सावळारामचा माणूस डिझेलचा कॅन घेऊन पळत आला. दिवे पुन्हा नीट लागले आणि पट्टी पुढं सरकायला लागली.

साडेचारला शोध संपला. फोटो निघाले, पण नावं सगळी गेली होती. जुन्या लग्नांचे धरून हजारो फोटो, प्रत्येकाला नुसता आकडा. तुकाबाई त्यात कोणती, हे तिला सांगता येणार नव्हतं. आता त्याला आत बोलवावं लागणार होतं आणि सगळे चेहरे दाखवावे लागणार होते. कुशाबाईंचं बोलणं तिच्या कानात अजून होतं.

“दादाभाऊ, तुम्हाला खरं सांगते,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी वेगळे ठेवत होते, पुढं लागतील म्हणून. लोकांना आवडत नाही, म्हणून लपवून ठेवले. आणि लपवले म्हणून काल माझ्याच हातानं गेले.”

तो तिच्याशेजारी येऊन बसला. ती एकेक फोटो पुढं ढकलू लागली. काही फोटो धड होते, काही उघडतच नव्हते, काहींचा खालचा भाग नुसता राखाडी. राकेशनं खालच्या आवाजात सांगितलं, सकाळी जे वर चढलं त्यानं ते खाल्लं. पाचला दहा मिनिटं कमी होती. सावळारामचा माणूस दोनदा दारात डोकावून गेला.

“थांबा,” दादाभाऊ म्हणाला.

हिरव्या पदराखाली पांढरे केस, कपाळावर मोठं कुंकू, बारीक केलेले डोळे. नाकापर्यंत तुकाबाई होती. त्याखाली राखाडी. प्रतीक्षाला रडू फुटलं. दुसऱ्या कुणाचं तोंड जोडून देते, ओळखूही येणार नाही, असं ती कशीबशी म्हणाली.

दादाभाऊनं मान हलवली. त्याचे डोळे स्क्रीनवरून हलले नाहीत.

“दुसऱ्याचं नको, ताई. आमी मेंढरं घिऊन निघालो का आई वाटंवर उभी ऱ्हायाची. रडू दिसू नाय म्हनून तोंडावर पदर धरायची. दर साली मी तिला अशीच बगत निघालो. तुमी त्या जागी पदरच धरा.”

सावळारामच्या माणसाला राकेशनं हातानं थांबवलं. प्रतीक्षानं तुकाबाईच्या डोक्यावरचा हिरवा पदर माऊसनं थोडा थोडा करून उचलला आणि नाकाखाली आणून बसवला. घडी कुठून वळायची, काठ कुठं यायचा, ते दादाभाऊ बोटानं दाखवत होता.